डोक्यात आलं आणि छातीत धडधडलं

गेल्या महिन्यात या सदरात घरी बीपी कसं मोजायचं यावर लिहिलं होतं, त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आलेत की संपादकांनी यावेळी पानं वाढवून दिलीत. बहुतेकांचा प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येतो. विचार करणारा मेंदू वेगळा आणि आपोआप चालणारं हृदय, घाम, बीपी वेगळं, असं शाळेत शिकलो, मग नुसत्या विचाराने धडधडतं कसं? मी २१ वर्षं मेडिकलच्या पोरांना फिजिऑलॉजी शिकवतेय आणि हा माझा सगळ्यात लाडका धडा आहे, त्यामुळे एकदोन उत्तरं लांबलीत.

प्रश्न : माझं वय ४४. दवाखान्यात बीपी १५२/९६ येतं, घरी मशीनवर १२४/८०, तेही सलग दहा दिवस सकाळ-संध्याकाळ मोजून. डॉक्टर म्हणाले, "सगळं तुमच्या डोक्यात आहे, टेन्शन घेऊ नका." मी खरंच टेन्शन घेत नाही हो. मग मशीन खोटं बोलतंय की मी?
— एक वाचक, सांगली

ताई, तुम्ही खरं बोलताय आणि दोन्ही मशीनंही खरं बोलतायत. १९८३ साली इटलीत मिलानला जुझेप्पे मान्चिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक फार सुंदर अभ्यास केला. ४८ पेशंट, प्रत्येकाच्या धमनीतच बीपी मोजणारी नळी बसवलेली, म्हणजे पट्टा फुगवायची भानगडच नाही, रात्रंदिवस आपोआप नोंद चालू. मग डॉक्टर पलंगाशी आले आणि नेहमीसारखं बीपी मोजायला लागले. पहिल्या एक ते चार मिनिटांत वरचं बीपी सरासरी २७ ने आणि खालचं १५ ने चढलं, दहाएक मिनिटांत परत उतरत आलं. आणि हे जवळजवळ सगळ्यांचं झालं, बीपीचा त्रास असलेल्यांचं आणि नसलेल्यांचंही. म्हणजे २७ चा फरक पडायला भित्रं असावं लागत नाही, टेन्शन "घ्यावं" लागत नाही. तुमचा फरक २८ चा आहे, बघा.

आता हे होतं कसं. दार उघडलं, पांढरा कोट दिसला. डोळ्यांना नुसता पांढरा रंग दिसतो, त्याचा "आता माझं काय निघणार" हा अर्थ लावतो मेंदूचा वरचा सुरकुतलेला थर, कॉर्टेक्स. तिथून निरोप खाली हायपोथॅलॅमसला (मेंदूच्या तळाशी असलेला एक छोटा भाग), तिथून मेंदूच्या देठात, आणि देठाच्या अगदी खालच्या भागात काही पेशींचा एक छोटा पुंजका आहे जो रात्रंदिवस रक्तवाहिन्यांना "आवळून राहा, आवळून राहा" असं सांगत असतो, तुम्ही उभ्या राहिलात की चक्कर येऊन पडत नाही ते त्याच्यामुळे. त्या पुंजक्याचा आवाज जरा चढला की मज्जारज्जूतून, छातीच्या आणि कमरेच्या वरच्या मणक्यांच्या पातळीवरून, सिंपथेटिक नसा बाहेर पडतात (शाळेच्या पुस्तकात अनुकंपी चेतासंस्था म्हणतात ती हीच) आणि हृदय, रक्तवाहिन्या, किडनी सगळ्यांना एकदम वर्दी जाते. तुम्हाला "मला भीती वाटतेय" असं जाणवायच्या आधीच ही वर्दी गेलेली असू शकते, म्हणून तुम्ही म्हणता की मी टेन्शन घेतच नाही आणि ते अगदी खरं असतं.

आपल्या बायकांना हे सगळं पुस्तकाशिवाय माहीत आहे खरं तर. हातपाय गार पडले म्हणतो तेव्हा कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात, अंगावर काटा आला म्हणजे केसांच्या मुळाशी असलेले इवलेसे स्नायू ओढले गेले, पोटात गोळा आला म्हणजे आतड्यांचं रक्त आणि हालचाल दोन्ही कमी झालं. काळजात धस्स झालं हे तर सांगायलाच नको. वर्णन कुणीतरी फार बारकाईने करून ठेवलंय, फक्त यातल्या प्रत्येकाची तार वर डोक्यापर्यंत जाते हे त्यात नाही.

म्हणून "डोक्यात आहे" हे वाक्य चूक नाही पण ते ज्या सुरात म्हटलं जातं तो सूर चूक आहे. माझे वडील गेले त्यानंतर वर्षभर आईला धडधडायचं, संध्याकाळी दिवेलागणीला जास्त. एका दवाखान्यात तिला सांगितलं, काही नाही आजी, मनाचे खेळ आहेत. तिने त्यानंतर कुणालाच सांगायचं बंद केलं, मलासुद्धा, आणि मी तेव्हा हाच विषय वर्गात शिकवत होते. तिच्या पाठीवर हात ठेवला की माझ्या तळव्याला ठोके लागायचे, शंभराच्या वर. ते ठोके खरे होते. मनातून निघाले म्हणून खोटे होत नाहीत, कारण मनापासून हृदयापर्यंत जी वाट आहे ती नसांची आहे, कल्पनेची नाही.

आता तुम्ही काय करायचं. घरच्या मशीनवर सरासरी १३५/८५ च्या खाली असेल तर ते ठीक मानतात, तुमची आहे. डॉक्टरांना वही दाखवा आणि २४ तासांचं बीपी मशीन लावून मिळेल का विचारा, ते दंडावर बांधून घरी यायचं असतं, झोपेतलंही मोजतं. पण "पांढऱ्या कोटाचं बीपी" म्हणून विसरून जाऊ नका, यातल्या काहींना पुढे खरं बीपी लागतं, तेव्हा दर वर्षी तपासणी हवीच. आणि दवाखान्यात पोचल्या पोचल्या मोजू देऊ नका, पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीवर, आणि मोजताना गप्प, अगदी सुनेच्या तब्येतीची चौकशी केली तरी गप्प, कारण बोलण्यानेसुद्धा आकडा चढतो.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, ३० वर्षं विज्ञान शिकवलं. आम्ही "स्वायत्त चेतासंस्था" शिकवायचो, म्हणजे जी स्वतःच्या मर्जीने चालते. तुम्ही म्हणता कॉर्टेक्स तिला हलवतो. मग ती स्वायत्त कसली? आणि हे कुणी पाहिलं आहे की नुसता तर्क आहे?
— एक वाचक, नाशिक

सर, तुमचा प्रश्न वाचून फार आनंद झाला. हे नाव दिलं केंब्रिजच्या जॉन न्यूपोर्ट लँगली यांनी, १८९८ मध्ये, आणि थोड्याच वर्षांत त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं की या नावावरून ही यंत्रणा मेंदूपासून जितकी स्वतंत्र वाटते तितकी ती नाही, आतड्यांच्या भिंतीतला भाग सोडला तर. नाव चिकटलं, ती तळटीप मागे राहिली. तुमची चूक नाही, माझ्या वर्गातली पोरंही पहिल्या दिवशी हेच म्हणतात.

पुढे हार्वर्डला वॉल्टर कॅनन. "लढा किंवा पळा", म्हणजे धोका दिसला की शरीर आपोआप या दोन्हीसाठी तयार होतं, ही सगळी कल्पना त्यांची, १९१५ च्या आसपासची. त्यांच्या प्रयोगशाळेत फिलिप बार्ड यांनी १९२८ मध्ये दाखवलं की मांजराचा कॉर्टेक्स काढून टाकला तर ते थंड पडत नाही, उलट नुसतं हात लावला तरी पाठीची कमान करतं, केस ताठ, नखं बाहेर, बीपी आकाशाला. हायपोथॅलॅमसचा मागचा भाग शाबूत असेपर्यंत हा राग येतो, तो काढला की जातो. म्हणजे रागाचं यंत्र खाली आहे आणि कॉर्टेक्स त्याच्यावर दाबून ठेवलेला हात आहे. त्यामुळे बरीच वर्षं लोकांना वाटत राहिलं की कॉर्टेक्सचं काम एवढंच, आवर घालणं, आणि ॲड्रिनलिन, म्हणजे धडधड वाढवणारं रसायन, रक्तात कधी सोडायचं ते खालचेच ठरवतात.

हे खऱ्या अर्थाने उलगडलं २०१६ मध्ये, अमेरिकेत पिट्सबर्गला, पीटर स्ट्रिक, रिचर्ड डम आणि डेव्हिड लेव्हिन्थल यांच्या कामातून, आणि त्यांनी वापरलेलं हत्यार ऐकून तुम्ही चमकाल, रेबीजचा विषाणू! आपल्याकडे कुत्रं चावलं की धावत जाऊन इंजेक्शन का घ्यायचं, तर हा विषाणू रक्तातून जात नाही, तो चावलेल्या जागच्या नसेच्या टोकातून आत शिरतो आणि नसेतून उलटा, वरच्या दिशेने, मेंदूकडे चढत जातो. पायाला चावलं तर वाट लांब, चेहऱ्याला चावलं तर जवळ, म्हणून चेहऱ्याच्या चाव्याला जास्त घाई. आणि त्याची एक विचित्र शिस्त आहे. एका नसपेशीतून तो शेजारच्या कुठल्याही पेशीत सांडत नाही, जी पेशी तिला निरोप देते फक्त तिच्यातच जातो. म्हणजे निरोप वरून खाली येतात आणि हा त्याच वाटेने खालून वर चढतो, जिना चढल्यासारखा, एकेक पायरी. किती तासांनी थांबवलं यावरून तो किती पायऱ्या चढला ते कळतं.

तर त्यांनी माकडांच्या ॲड्रिनल ग्रंथीच्या गाभ्यात हा विषाणू सोडला. ही ग्रंथी किडनीच्या टोकावर टोपीसारखी बसलेली असते, माणसात एकेक चारपाच ग्रॅमची, आणि तिचा गाभा म्हणजे ॲड्रिनलिनची कोठी. इतर अवयवांना सिंपथेटिक नस मध्ये एक गाडी बदलून, म्हणजे वाटेत दुसऱ्या नसपेशीच्या हाती निरोप देऊन, जाते, इथे मज्जारज्जूतून निघालेली नस थेट कोठीच्या दारात येते. विषाणू तिथून मज्जारज्जूत गेला, मग मेंदूच्या देठात, हायपोथॅलॅमसला, आणि शेवटी कॉर्टेक्समध्ये पोचला. अपेक्षा होती की एखाददुसऱ्या भागातच विषाणू पोचलेला दिसेल. दिसले कितीतरी. हालचाल घडवणारे भाग, विचार-निर्णयाचे भाग आणि भावनांशी जोडलेले भाग, तिन्ही घराणी. हालचालीच्या कॉर्टेक्समध्येसुद्धा सगळीकडे नाही, तर जिथून धड, म्हणजे पोट-पाठीचे स्नायू हलवले जातात त्या भागात जास्त. आणि मेंदूच्या दोन्ही अर्धांच्या मधल्या भिंतीवरचे असे भाग, जे आपली चूक झाली की, किंवा नुसती आठवली तरी, जागे होतात. रात्री अंथरुणावर पडल्यावर चार वर्षांपूर्वी कुणाला तरी बोललेलं एक वाक्य आठवतं आणि अंधारात एकटं असताना छाती धडधडायला लागते, त्याची वाट ही असावी असं मला हे वाचताना वाटलं आणि मी तो पेपर खाली ठेवून थोडा वेळ नुसती बसून राहिले.

२०१९ मध्ये त्याच गटाने उंदरांशी तुलना केली. उंदरांत हा ताबा मुख्यतः हालचालीच्या आणि स्पर्शाच्या कॉर्टेक्सकडे आहे. माकडांत त्याच्या जोडीला पुढचे आणि मधल्या भिंतीवरचे भाग भरपूर आलेत. माणसांत हा प्रयोग करता येणार नाही हे उघड आहे, पण मेंदूच्या रचनेत आपण माकडांच्या कितीतरी जवळ. आणि हेही लिहिते की या ज्ञानासाठी ती माकडं जिवानिशी गेली, वर्गात हा पेपर शिकवताना मी ते सांगितल्याशिवाय पुढे जात नाही.

म्हणून सर, स्वायत्तचा अर्थ "हुकमाने चालत नाही" एवढाच घ्यावा. तुम्ही हृदयाला "हळू चाल" असा हुकूम करू शकत नाही, पण हुकूम चालत नाही म्हणजे तार जोडलेली नाही असं नव्हे.

प्रश्न : मी कबड्डी खेळते, नववीत आहे. रेड टाकायला जायच्या आधी लाईनवर उभी असते तेव्हाच माझे ठोके वाढतात, अजून पळलेच नाही तरी. सर म्हणतात स्टॅमिना कमी आहे. खरंय का?
— एक वाचक, कुर्ला

नाही गं बेटा, स्टॅमिन्याचा याच्याशी संबंध नाही. कोपनहेगनला ऑगस्ट क्रोग आणि योहानेस लिंडहार्ड यांनी १९१३ मध्येच दाखवलंय की सायकल मारायला सुरुवात केली रे केली की ठोके लगेच वाढतात, स्नायू थकायच्या किंवा त्यांच्याकडून काही निरोप यायच्या कितीतरी आधी. त्यांचं म्हणणं, मेंदू स्नायूंना "चला" म्हणतो त्याच वेळी हृदयालाही "तयार राहा" म्हणतो. आधी हृदयावरचा ब्रेक, व्हेगस नावाची नस, सुटतो, तो एकदोन ठोक्यांतच, मग काही सेकंदांनी सिंपथेटिक ॲक्सिलरेटर दाबते. लाईनवर उभी असताना तू मनातल्या मनात रेड सुरू केलेलीच असतेस म्हणून ठोके वाढतात, ते चांगलंच आहे. फक्त खेळताना चक्कर आली, डोळ्यापुढे अंधारी आली किंवा घरात कुणाला कमी वयात हृदयाचा त्रास असेल तर मात्र एकदा ईसीजी काढून घे, हे आईबाबांना दाखव.

प्रश्न : एमपीएससीचा इंटरव्ह्यू आहे. मॉक दिले, प्रत्येक वेळी तळहात ओले, तोंडाला कोरड आणि येणारं उत्तरही आठवत नाही. मनाला कितीही सांगितलं शांत हो तरी होत नाही. रूममेट म्हणतो धडधडीची एक गोळी मिळते, ती आधी अर्धा तास घे. घेऊ का?
— एक वाचक, पुणे

मित्रा, आधी गोळीचं. तू म्हणतोस ती बहुतेक बीटा ब्लॉकर असणार. ती हृदयावरची ॲड्रिनलिनची कुलुपं बुजवते म्हणून धडधड कमी होते, पण दम्याच्या माणसाला ती जिवावर बेतू शकते, बीपी-ठोके खूप उतरू शकतात, तेव्हा रूममेटच्या सल्ल्याने अजिबात नाही, डॉक्टरकडे जा, छाती ऐकू दे, मग ठरू दे. आणि गंमत अशी की तळहाताचा घाम तिने जाणारही नाही! घामाच्या ग्रंथींना सिंपथेटिक नसाच जातात पण त्या तिथे ॲड्रिनलिनच्या जातीचं रसायन वापरत नाहीत, ॲसिटिलकोलिन वापरतात, वेगळंच कुलूप. हे मी तोंडी परीक्षेत हमखास विचारते आणि हमखास चुकतं.

तळहातच का, तर तळहात-तळपायाच्या घामाचं काम वेगळं आहे. बाकी अंग उकडलं की घामेजतं, तळवे मुख्यतः मन ताणलं की. थोड्या ओलाव्याने पकड चांगली बसते, फावडं उचलायच्या आधी माणूस तळहातावर थुंकतो तेच काम शरीर आपणहून करतं असं मानतात. तुला झाड चढायचं नाहीये, पॅनेलसमोर बसायचंय, पण तुझ्या नसांना ते कसं कळणार.

आता येणारं उत्तर का आठवत नाही. येल विद्यापीठात एमी आर्नस्टेन यांनी वर्षानुवर्षं याच्यावर काम केलंय. कपाळाच्या मागचा कॉर्टेक्स, ज्याच्यावर आपण चार गोष्टी एकाच वेळी डोक्यात धरून उत्तर जुळवतो, तो फार नाजूक आहे, नॉरॲड्रिनलिन आणि डोपामिन ही मेंदूतली रसायनं थोडी वाढली तर तल्लख होतो, जास्त वाढली की त्याचं काम ढेपाळतं आणि सूत्रं खालच्या सवयीच्या यंत्रणेकडे जातात. म्हणजे ज्याने "शांत हो" म्हणायचं तोच त्या क्षणी जागेवर नसतो! म्हणून तो उपाय चालत नाही, तुझी इच्छाशक्ती कमी म्हणून नाही.

मग चालतं काय? एक, जे सवयीत उतरलंय ते टिकतं. पहिली दोन मिनिटं, म्हणजे आत जाणं, नमस्कार, बसणं, स्वतःची ओळख, हे मोठ्याने, उभं राहून, अनोळखी माणसांसमोर इतक्या वेळा कर की ते त्या खालच्या यंत्रणेत जाईल. दोन, श्वास. हे आत्ता करून बघ, डाव्या मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी उजव्या हाताची दोन बोटं ठेव, नाडी लागली की सावकाश श्वास आत घे, ठोके किंचित जवळजवळ येतील, मग आणखी सावकाश बाहेर सोड, ठोक्यांतलं अंतर लांबेल. तरुण माणसात हे बोटाला स्पष्ट कळतं. हृदयाला हुकूम करता येत नाही पण श्वासाचे स्नायू तुझ्या हातात आहेत आणि श्वास सोडताना व्हेगसचा ब्रेक लागतो, म्हणून मिनिटाला साधारण सहा श्वास, सोडणं लांब, पाच मिनिटं. बाहेर खुर्चीवर बसल्या बसल्या कुणालाही न कळता होतं. तीन, धडधड लगेच थांबली नाही तर घाबरू नकोस, रक्तात सुटलेलं ॲड्रिनलिन दोनतीन मिनिटांत निम्मं होतं, म्हणजे नवीन भर पडली नाही तर पहिला प्रश्न संपेपर्यंत ते उतरायला लागलेलं असतं. नवीन भर कशाने पडते माहितीये, "अरे देवा, हे बघ मला धडधडतंय" या विचाराने. रुमाल खिशात ठेव, हात पूस, आणि बोलायला लाग.

प्रश्न : बाबांना (वय ६७) अर्धांगवायूचा झटका आला, उजव्या बाजूच्या मेंदूत. हॉस्पिटलात दोन दिवस छातीला वायरी लावून हृदयाचा मॉनिटर चालू ठेवला, वर हृदयाच्या रक्ततपासण्या. नातेवाईक म्हणतात बिल वाढवायला. मेंदूच्या आजाराला हृदयाची तपासणी कशाला?
— एक वाचक, कोल्हापूर

ताई, बाबांना लवकर बरं वाटो. ही तपासणी हवीच होती, झटक्यानंतर निदान पहिले २४ तास तरी हृदयावर लक्ष ठेवतात, सगळीकडे. दोन कारणं आहेत. एक तुम्हाला कुणीतरी सांगितलं असेल, हृदयाचे ठोके अनियमित पडत असतील तर तिथे गुठळी होऊन ती मेंदूत जाते, म्हणजे कारण हृदयात असू शकतं, ते शोधायचं. दुसरं कारण उलट दिशेचं आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, मेंदूचा झटका हृदयाला इजा करू शकतो.

कानाच्या वरच्या बाजूला, मेंदूच्या एका खोल घडीत झाकलेला कॉर्टेक्सचा एक भाग आहे, इन्सुला. पोट, श्वास, ठोके, आतल्या सगळ्या बातम्या तिथे पोचतात. त्याला रक्त देणारी धमनी तीच, जिच्यात झटक्याची गुठळी सगळ्यात जास्त वेळा अडकते. १९९२ मध्ये स्टीफन ऑपनहायमर आणि सहकाऱ्यांनी फिटच्या ऑपरेशनच्या वेळी, मेंदू उघडलेला असताना, इन्सुलाला बारीक विजेचा स्पर्श करून पाहिला. उजव्या बाजूला केला की ठोके आणि बीपी वाढायचं प्रमाण जास्त, डाव्या बाजूला केला की उतरायचं जास्त. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत डावं-उजवं इतकं स्वच्छ दिसत नाही, तेव्हा बाबांची उजवी बाजू म्हणून जास्त घाबरू नका, पण कॉर्टेक्सचा हा तुकडा हृदयाच्या तालात हात घालतो याबद्दल वाद नाही. मेंदूत रक्तस्राव झालेल्यांच्या ईसीजीत खोल उलट्या लाटा दिसतात हे तर १९५४ पासून लिहिलेलं आहे, हृदयाच्या धमन्या साफ असूनसुद्धा. सिंपथेटिक नसांच्या टोकांतून एकाच वेळी इतकं रसायन ओतलं जातं की हृदयाच्या स्नायूला ते सोसत नाही.

याचंच एक भावंड, झटक्याशिवाय येणारं, जपानमध्ये १९९० साली पहिल्यांदा नोंदलं गेलं. अचानक मोठा धक्का बसला, घरातलं माणूस गेलं, आणि हार्ट ॲटॅकसारखंच छातीत दुखायला लागलं, पण अँजिओग्राफीत गुठळी नाही, हृदयाचं खालचं टोक मात्र फुग्यासारखं फुगलेलं. जपानी कोळी ऑक्टोपस पकडायला जे मडकं टाकतात त्याच्या आकाराचं दिसतं म्हणून नाव ताकोत्सुबो, तिकडे तेच त्या मडक्याचं नाव. दहातल्या नऊ पेशंट बायका, बहुतेक पाळी गेल्यानंतरच्या वयातल्या. बहुतेक जणी काही आठवड्यांत सावरतात पण सुरुवातीचे दिवस धोक्याचे असतात. म्हणून मयताच्या घरी कुणी बाई छाती धरून बसली तर "दुःख झालंय तिला, पाणी द्या" म्हणून थांबू नका, ताबडतोब ईसीजी.

नातेवाइकांना एवढं सांगा की वायरी बाबांसाठी होत्या. आणि घरी आणल्यावर ठोके चुकल्यासारखे वाटले, दम लागला, चक्कर आली तर फॉलोअपच्या तारखेची वाट बघू नका.

प्रश्न : योगी हृदय बंद करू शकतात असं लहानपणी ऐकलं होतं. इथे कुणी विश्वास ठेवत नाही. तुमचं विज्ञान काय म्हणतं?
— एक वाचक, न्यू जर्सी

काका, याची तपासणी आपल्याकडेच झालेली आहे. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम काढलं ते मुळी योग प्रयोगशाळेत तपासायचा म्हणूनच, तिथे आसनं करणाऱ्यांचं बीपी, एक्स-रे सगळं नोंदलं जायचं, त्या काळात! पुढे १९५७ च्या सुमारास अमेरिकेहून वेंगर आणि बागची हे दोन संशोधक यंत्रं घेऊन भारतात आले, दिल्लीच्या एम्सचे बी. के. आनंद त्यांच्या सोबत, आणि हृदय थांबवतो म्हणणाऱ्या योग्यांची त्यांनी नोंद घेतली. १९६१ मध्ये ते छापून आलं. मनगटाची नाडी खरंच लागेनाशी झाली होती, स्टेथोस्कोपने ठोकेही नीट ऐकू येत नव्हते. पण ईसीजीची रेघ चालूच होती, हृदय बंद पडलं नव्हतं. श्वास कोंडून, छाती-पोटाचे स्नायू घट्ट आवळून छातीतला दाब इतका वाढवला होता की हृदयात परत येणारं रक्तच कमी झालं, मग नाडी कुठून लागणार.

काहींना हे वाचून वाईट वाटतं, मला नाही वाटत. त्यांनी केलं काय, तर जे हुकमाने चालत नाही तिथे धडाच्या स्नायूंच्या वाटेने पोचले. वर नाशिकच्या सरांना लिहिलं ते आठवा, ॲड्रिनलकडे जाणारी वाट हालचालीच्या कॉर्टेक्समधून जिथे निघते तो भाग धडाच्या स्नायूंचाच. योगासनांनी मन शांत का होतं याचं एक कारण यात असू शकेल असं म्हणायचा मोह मला रोज होतो. पण तो अजून तर्क आहे, सिद्ध झालेलं नाही, आणि कैवल्यधामची परंपराही आधी तपासा मग बोला अशीच होती.

फक्त घरी श्वास कोंडून हे करून बघू नका. बीपी, हृदयविकार, काचबिंदू, डोळ्याचं किंवा हर्नियाचं ऑपरेशन झालेलं असेल तर अजिबातच नाही. नाडी मोजत सावकाश श्वास सोडायचं जे पुण्याच्या मुलाला सांगितलंय ते तुम्हाला चालेल, पण खुर्चीवर बसून, आणि डोकं हलकं झाल्यासारखं वाटलं की लगेच थांबायचं.